गाडीतला कॅमेरा आणि बॅटरीचा हिशेब



लासलगावला कांदा किंवा पिंपळगाव बसवंतला टोमॅटो नेणाऱ्या पिकअपच्या काचेवर छोटा कॅमेरा असणे चांगले. अपघात झाला, तर चूक कोणाची हे समजायला त्याची मदत होते. पण त्याची वीज चुकीच्या जागेवरून घेतली, तर भरलेली गाडी पहाटे दारातच अडेल आणि लिलाव हुकेल.

हिशेब सोपा आहे. असा कॅमेरा बॅटरीतून साधारण अर्धा अँपिअर घेतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर ती भर घालतो. गाडी बंद असेल, तर १२ तासांत ६ अँपिअर-तास जातात. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर दोन दिवस उभ्या गाडीत २४ संपले! उपसा आहे आणि झरा बंद आहे, अशी विहीर किती दिवस पुरणार?

मिस्त्रीकडून जोडणी करून घेताना एवढे पाहा :

१. किल्ली फिरवल्यावरच वीज येते, अशा फ्यूजवरून वायर घ्यावी.

२. बहुतेक कॅमेरे ५ व्होल्टचे, बॅटरी १२ व्होल्टची. मध्ये कन्व्हर्टर हवाच. नाहीतर कॅमेरा जळेल.

३. या वायरीला २ अँपिअरचा वेगळा फ्यूज असावा. वायर घासून शॉर्ट झाली, तर आगीचा धोका टळतो.

४. अर्थिंगची वायर रंग नसलेल्या बोल्टला घट्ट आवळावी.

५. रात्रीही चित्रण हवे असल्यास, व्होल्टेज १२ च्या आसपास उतरताच वीज तोडणारा कन्व्हर्टर घ्यावा.

कॅमेरा आधीच लावलेला असेल, तर आज रात्री किल्ली काढा आणि थोड्या वेळाने त्याचा दिवा विझला का, ते बघा. विझला नसेल, तर उद्याच मिस्त्री गाठा.