लाभांशाआधी साठा पाहा
शेलसारख्या बलाढ्य तेल कंपनीचा शेअर अभ्यासताना बहुतेकांची नजर आधी लाभांशावर जाते. ती आधी जमिनीखालच्या साठ्यावर जायला हवी. तेल कंपनी रोज आपलीच मालमत्ता उपसून विकत असते. म्हणून वार्षिक अहवालाला पहिला प्रश्न हाच विचारावा: वर्षभरात जेवढे तेल आणि वायू काढले, तेवढी सिद्ध साठ्यात, म्हणजे खात्रीने आणि परवडेल अशा खर्चात काढता येणाऱ्या साठ्यात, नव्याने भर पडली का? मात्र साठ्याचा जाहीर आकडाही डोळे मिटून मानू नये. जानेवारी २००४मध्ये शेलने आपल्या सिद्ध साठ्यापैकी सुमारे २० टक्के, म्हणजे ३.९ अब्ज बॅरल, त्या वर्गातून काढून टाकले. शेअर घसरला आणि मार्चमध्ये अध्यक्ष फिलिप वॉट्स यांना पद सोडावे लागले. लाभांशाच्या परंपरेवरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. एप्रिल २०२०मध्ये शेलने दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच लाभांश कापला. दर शेअरमागे तिमाहीचे ४७ सेंट थेट १६ सेंटवर आले. भांडवली खर्च आणि व्याज भागवून रोख किती उरते, कर्ज किती आहे, बॅरलला किती भाव मिळाला तर लाभांश निभावतो, हे तपासा. आयुष्यभराची पुंजी कंपनीच्या नावावर नव्हे, या आकड्यांवर विसंबून गुंतवावी.