बारा चौकटी

‘फिल्मचा कॅमेरा शिकणे म्हणजे निव्वळ स्मरणरंजन’ हा सहकाऱ्यांचा आक्षेप आम्हांस साफ अमान्य आहे. सांगलीहून आणलेल्या आग्फा क्लिक थ्रीला प्रकाशमापक नाही. १२० च्या रोलमध्ये चौकटी बाराच. साताऱ्याजवळ संगम माहुलीस, विश्वेश्वराच्या मंडपात टिपलेल्या आमच्या सात चौकटी निगेटिव्हवर कोऱ्या, पारदर्शक निघाल्या. डोळ्यांना पुरलेला उजेड फिल्मला पुरला नव्हता. मोबाइलने ही चूक परस्पर सावरली असती; आम्हांस तिचा पत्ताही लागला नसता. विद्यार्थ्यांच्या हाती गाइडे सोपवणारे आम्ही प्राध्यापक तरी वर्गात दुसरे काय करतो? रोल महाग पडतो, हा आक्षेप मात्र खरा. म्हणून पुढच्या खेपेस कॅमेरा एक, विद्यार्थी बारा. प्रत्येकास एकच चौकट.