रिंगांची चोरी हा मनुष्यवधच!

26 जानेवारी 2001 च्या सकाळी कच्छ हादरले आणि तिथून 200 किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या. त्या एका शहरात 700 हून अधिक जीव गेले. हे बळी भूकंपाच्या माथी मारू देण्यास आम्ही तयार नाही. त्याच शहरातल्या हजारो इमारती तोच हादरा सोसून उभ्या राहिल्या! पडल्या त्यांतल्या बहुतेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरचे मजले विटांच्या भिंतींनी ताठ, खाली उघडे कॉलम. सारा हेलकावा त्या कॉलमांनी झेलला आणि ते मोडले.

त्यानंतर 2002 मध्ये भारतीय मानकाने बजावले की अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट जोरासाठी तरी बांधा. कोयना आणि किल्लारीचे भूकंप भोगलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला हवे होते काय? तरीही पुण्या-ठाण्याच्या गल्लीबोळांत उघड्या कॉलमांवर मजले चढतच आहेत, आणि त्यांतल्या किती कॉलमांत ती ताकद भरली आहे हे नगररचना खाते छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कोणत्याही साइटवर जा, कॉलमच्या उभ्या सळयांना आवळून धरणारी रिंग हातात घ्या. तिची टोके 135 अंशांत वाकवून आतल्या गाभ्यात घुसवलेली हवीत. बीमच्या सांध्याजवळ दोन रिंगांत 100 मिलिमीटरहून जास्त अंतर नको. प्रत्यक्षात टोके काटकोनात सोडून दिलेली दिसतात. हादऱ्याने वरचे काँक्रीट सुटले की असा हुक उघडतो, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. फिटरला दोष देऊ नका! त्याची मजुरी टनावर ठरते; वजनाला हलक्या आणि वाकवायला किचकट रिंगांत त्याचे नुकसानच. दोषी आहे तो दर ठरवणारा बिल्डर, साइटवर पाऊल न टाकता सही ठोकणारा कन्सल्टंट, आणि त्या सहीवर भोगवटा प्रमाणपत्र देणारा अधिकारी.

आमची मागणी स्पष्ट आहे. काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक मजल्याची सळई बिल्डरच्या पैशावर न पोसलेल्या इंजिनिअरने तपासावी आणि तिची छायाचित्रे रहिवाशांना पाहता यावीत. खोटी सही करणाऱ्याचा परवाना कायमचा काढून घ्या. सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नाचा गुन्हा त्याच्यावर सही सापडेल त्याच दिवशी नोंदवा. त्यासाठी ढिगाऱ्यातून प्रेते निघण्याची वाट पाहू नका!