आम्ही टायर घेतो

मोटार विकत घेणारा मध्यमवर्गीय गृहस्थ मोटारीचे काय काय पाहतो? रंग पाहतो. दार लावल्यावर 'धप्' असा भारदस्त आवाज येतो की नाही, ते ऐकतो. गाद्या चेपून पाहतो. बॉनेट उघडून, आपल्याला त्यातले काही कळत नाही हे इतरांना कळू न देता, दोन मिनिटे आत डोकावतो. आणि सर्वांत शेवटी, जाता जाता, बुटाच्या टोकाने टायरला एक हलकीशी लाथ मारून 'ठीक आहे' म्हणतो. २०२२ साली मी मर्सिडीज घेतली, तेव्हा अगदी असेच केले.

मर्सिडीज हा शब्द वाचून वाचकांनी दचकू नये. ती नवी नव्हे. २०१६ सालची, एका सद्गृहस्थांच्या बंगल्यात सावलीत उभी राहून फक्त बावीस हजार किलोमीटर धावलेली. आणि तिची किंमत आमच्या शेजाऱ्यांनी नव्या कोऱ्या मोटारीला मोजली त्याहून कमीच होती. निवृत्तीच्या पैशातून माणसाने आयुष्यात एक तरी वेडेपणा करावा, असे माझे मत होते. 'एक तरी' या शब्दांना आमच्या सौभाग्यवतींची हरकत होती. पण ते असो. मोटार दारात आली. पहिल्या रविवारी सोसायटीतल्या झाडून सगळ्यांनी तिला हात लावून पाहिला. कुणी वाकून टायर पाहिले नाहीत. मीही नाही.

पुढची तीन वर्षे झकास गेली. मग २०२५ चा जुलै आला.

आम्ही दोघे केतकावळ्याच्या बालाजीचे दर्शन घेऊन परतत होतो. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, म्हणून कात्रजच्या जुन्या घाटाने आलो. जुना बोगदा ओलांडून उताराला लागलो. पाऊस फार नव्हता, नुसती भुरभुर. वेगही बेताचाच होता, शपथेवर सांगतो. एका वळणावर मी ब्रेकला पाय लावला, आणि मोटारीचा मागचा भाग हातभर बाजूला सरकला. पुढच्या क्षणी मोटार आपोआप सरळ झाली. समोर पिवळ्या रंगाचा एक दिवा लुकलुकून विझला. एवढेच.

ही काही बोलली नाही. कात्रजचे तळे आले, स्वारगेट आले, घर आले. चहा झाल्यावर कपबशा उचलताना म्हणाली, "अहो, नलूला आणायला याच मोटारीतून जायचं ना?"

नलू म्हणजे आमची मुलगी. नाशिकला दिलेली. पहिलटकरीण. डोहाळजेवण झाले की तिला बाळंतपणासाठी आणायचे, असे ठरलेले होते. मर्सिडीजसारख्या मोटारीतून मुलीला माहेरी आणायचे, या एका चित्रासाठीसुद्धा मी ती मोटार घेतली असती. आता त्या चित्राला कात्रजच्या वळणाची कड लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उकिडवा बसून प्रथमच टायरांकडे पाहिले. नक्षी छान दिसत होती. नलूच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी आणून खाचांची खोली मोजली. पाच मिलिमीटरच्या आसपास भरली. नव्या टायरला ती आठेक मिलिमीटर असते, आणि १.६ मिलिमीटर उरली की टायर बाद. त्यासाठी खाचांच्या तळाशी लहान लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की समजावे. आमचे उंचवटे अजून खोल पाण्यात होते. मी विजयी मुद्रेने हिला हाक मारली. "हे बघ, टायर अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. काल रस्ताच निसरडा होता."

"तुम्ही कुणाला तरी दाखवा," ती म्हणाली.

आमच्या कोपऱ्यावर एक पंक्चरचे दुकान आहे. मालक कोट्टायमकडचे, चाळीस वर्षे पुण्यात आहेत आणि सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी नक्षीकडे ढुंकूनही पाहिले नाही. टायरच्या कडेवरून ओला फडका फिरवला आणि एका लंबगोल चौकटीवर बोट ठेवले. आत चार आकडे होते : ४११५.

"काय आहे हे, साहेब?"

"नंबर असेल कसला तरी."

"जन्मपत्रिका आहे. एक्केचाळिसावा आठवडा, दोन हजार पंधरा साल. ऑक्टोबरातला जन्म. येत्या ऑक्टोबरात दहा वर्षं होतील."

"पण नक्षी आहे ना शिल्लक!"

अण्णांनी टायरची कड अंगठ्याने दाबून ताणली. खाचांच्या तळाशी बारीक बारीक भेगा उघडल्या. उन्हाने तडकलेल्या शेतासारख्या. "नक्षी आहे, रबर मेलं. आमच्याकडे घरची रबराची झाडं होती, साहेब. झाडाच्या दुधाचं रबर होतं. त्याला हवा लागते, ऊन लागतं. गाडी उभी असली, तरी ते म्हातारं होतंच."

टायरात आज झाडाच्या रबराबरोबर कारखान्यातले कृत्रिम रबरही असते. पण म्हातारपण दोघांनाही चुकत नाही. हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबराला हळूहळू कडक करतात, आणि उष्णता त्या कामाला मदत करते. कडक झालेले रबर कोरड्या रस्त्यावर कसेबसे निभावून नेते, पण ओल्या रस्त्याला धरून राहत नाही. घरी येऊन मी मोटारीबरोबर आलेली पुस्तिका काढली. ती तीन वर्षे प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी होती. तीत स्वच्छ लिहिले होते : झीज झालेली असो वा नसो, टायर सहा वर्षांनी बदलावेत. म्हणजे मी मोटार घेतली त्याआधीच टायरांची मुदत संपून गेली होती, आणि मी त्यांना लाथ मारून 'ठीक आहे' म्हटले होते!

यात मला दोष द्यायला दुसरे कुणीच सापडेना, ही मोठी अडचण झाली.

वाचकहो, आमच्यासारखी मोटार दीड टनाहून जड असते. तिचे इंजिन, गाद्या, वाद्यसंगीत आणि आतली माणसे, हे सगळे जमिनीला टेकते ते चार ठिकाणी. आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढे. ब्रेक कितीही उत्तम असोत, ते फक्त चाक थांबवतात. मोटार थांबवतात ते हे चार तळहात. परमेश्वराने मला ही गोष्ट कात्रजच्या घाटात, आणि तीही हातभरच सरकवून सांगितली, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

आता टायर घ्यायचे ठरले, पण कोणते? बाजारात जाण्याआधी मी टायरच्या अंगावरची लिपी शिकलो. आमच्या टायरवर लिहिले होते २२५/५० आर १७, ९४ डब्ल्यू. २२५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे टायरच्या कडेची उंची त्या रुंदीच्या पन्नास टक्के. आर म्हणजे रेडियल. आतले धागे कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात, ती मिशेलिन कंपनीने १९४६ साली पेटंट घेतलेली पद्धत. १७ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! शाळेत आम्ही असे गणित लिहिले असते, तर मास्तरांनी बाकावर उभे केले असते. ९४ हा भाराचा आकडा. त्याचा अर्थ एक टायर ६७० किलो पेलतो. आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर वेगापर्यंत चालेल.

"दोनशे सत्तर?" ही म्हणाली. "तुम्ही सत्तरला गेलात तरी मी आतून ब्रेक दाबते. मग खालच्या अक्षराचा स्वस्त टायर चालणार नाही का?"

प्रश्न बिनतोड होता. मलाही पडला होता. उत्तर असे की, ते अक्षर नुसते वेगाचे नाही, उष्णता सोसण्याच्या ताकदीचेही आहे. मोटार बनवणाऱ्याने जो भार आणि जो वेग सांगितला आहे त्याच्या वर जावे, खाली उतरू नये.

मग सल्लागार सुरू झाले. मेहुणे म्हणाले, चाके अठरा इंची करून टाका, रुबाब येईल. रुबाब येतो, पण टायरची कड बारीक होते आणि पुण्याचा प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो. ते बाद. शेजारचे इंजिनिअर म्हणाले, 'रनफ्लॅट' घ्या. या टायरची कड इतकी ताठ असते की हवा पूर्ण गेली तरी बेताच्या वेगाने ऐंशीएक किलोमीटर जाता येते. कल्पना फार चांगली. पण तो टायर बसायला कडक आणि किमतीला जबर. आमच्या मोटारीचे मुळातले टायर साधेच होते, आणि डिकीत निम्मी जागा अडवून एक सडपातळ स्टेपनी आडवी पडलेली असते. इतकी वर्षे तिच्यापायी बॅगा मांडीवर घेतल्या; तिला आता कामाची संधी द्यावी, असे ठरले.

माझी स्वतःची सूचना सर्वांत काटकसरीची होती : सध्या दोनच बदलावेत, पुढचे. पुढे इंजिन असते, स्टिअरिंगही पुढेच. अण्णांनी मान हलवली. दोनच घेतले तर नवे मागे लावायचे, म्हणाले. पुढची चाके घसरली तर मोटार सरळ जाऊ पाहते. माणूस ब्रेक लावतो, सावरतो. मागची घसरली तर मोटार स्वतःभोवती फिरते, आणि सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. "तुमचं घाटात काय घसरलं होतं?"

"मागचं," मी म्हणालो. आणि चारही घ्यायचे ठरले.

चारींचा हिशेब साठ हजारांच्या घरात गेला. २०२० च्या जूनमध्ये सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून अशा मोटारींचे टायर मागू तेव्हा मागू तसे मिळतातच असे नाही. माझ्याजवळ तेवढे पैसे होते. ते मी मोटारीच्या गाद्यांना नवे कातडे घालण्यासाठी बाजूला ठेवले होते. हिला ते ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले.

नाना पेठेतल्या एका मोठ्या दुकानात आम्ही दोघे गेलो. ओल्या रस्त्यावर चांगली पकड आणि कमी आवाज, एवढ्या दोन गोष्टी आम्ही मागितल्या. दुकानदाराने टायर काढले. हिने पर्समधून चष्मा काढला आणि लंबगोल चौकट शोधली. "हे दोन वर्षांपूर्वीचे आहेत. यंदाचे दाखवा."

"बाई, टायर म्हणजे काय भाजी आहे, ताजी बघायला?"

"भाजीपेक्षा महाग आहे, म्हणून बघते."

चार दिवसांनी यंदाचे टायर आले. दुकानदाराने नायट्रोजन भरण्याचा आग्रह केला. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, असे मी नुकतेच वाचले होते. ते मी मोठ्याने सांगितले. या सबंध व्यवहारात माझी सरशी झाली ती तेवढीच.

टायर बसले, चाके तोलून झाली, अलाइनमेंट झाली. बिल करताना दुकानदार म्हणाला, "जुन्या चारींचे चार हजार देतो. बिलातून वजा करू?"

साठ हजारांच्या बिलातून चार हजार! माझा चेहरा उजळला असावा. ही म्हणाली, "तुम्ही त्याचं काय करणार?"

"नक्षी छान आहे, वहिनी. पॉलिश मारलं की नव्यासारखे दिसतात. कुणीतरी घेतं. टॅक्सीवाले वगैरे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिने एक शब्द उच्चारला नाही. त्या टॅक्सीत मागच्या सीटवर कोण बसेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चार हजार ही माझ्यासारख्या पेन्शनरच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हे. ती सोडताना मला जड गेले, हे लपवत नाही. आम्ही जुने टायर परत मागितले. दोन डिकीत, दोन मागच्या सीटवर जुन्या चादरीत, अशी मर्सिडीजमधून त्यांची मिरवणूक निघाली. अण्णांनी ते पाहिले आणि काही न विचारता चारींच्या कडांवर पात्याने आरपार चिरे दिले. आता ते कुठल्याच चाकाला बसणार नव्हते.

नवा टायर सुरुवातीला किंचित गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर किलोमीटर मी सिंहगड रस्त्याला बैलगाडीच्या चालीने काढले. मग सप्टेंबरच्या अखेरीला नलूला आणायला नाशिकला गेलो. निघायच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, मोटारीवर लिहिल्याप्रमाणे हवा मोजून घेतली. संगमनेर सोडले आणि पावसाने गाठले. ही मागे बसलेली. नलू तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेली. नारायणगाव गेले, मंचर गेले. चाकणला आमच्या मोटारीचा कारखाना आहे, तिथे आल्यावर मी म्हणालो, "हे हिचं माहेर बरं का!" मागून कुणी उत्तर दिले नाही. आरशात पाहिले, तर आता दोघीही झोपल्या होत्या.

कात्रजनंतर ही माझ्या मोटारीत प्रथमच झोपली होती. मी वेग आणखी थोडा कमी केला.

घरी पोचलो तेव्हा शेजारचे इंजिनिअर फाटकातच उभे होते. मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "गाद्या जुन्याच दिसताहेत. कातडं घालणार होतात ना? नवीन काही केलं नाहीत वाटतं!"

"नाही," मी म्हणालो, आणि नलूला उतरायला हात दिला.