सुशीची कॉन्ट्री

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. दुपारी फीस्ट, संध्याकाळी सुट्टी. त्यामुळे रविवारची संध्याकाळ म्हणजे ग्रुपनं बाहेर पडायची हक्काची वेळ. आणि हल्ली बाहेर म्हणजे कुठे? तर बोर्ड गेम कॅफे, नाहीतर जपानी, नाहीतर एकामागोमाग एक दोन्ही. आधी तास-दोन तास खेळ, मग मध्ये सुशीचा प्लॅटर, प्रत्येकासमोर रामेनचा बाऊल आणि चॉपस्टिक्स धरायची कसरत. अॅनिमे बघत मोठी झालेली पिढी आहे तुमची. नारुतोनं इतकी वर्षं भुरकलेलं ते रामेन एकदा आपल्याही समोर यावं, असं वाटणारच. त्यात काही वाईट नाही. उलट मोबाइल बाजूला पडून सहा जण एका पटावर भांडतायत, हे दृश्य मला तरी फार आवडतं.

पण आता सांगा, तुमच्या त्या टेबलावर एक जण असतो का, जो म्हणतो, ‘मी जेवून आलोय रे, तुम्ही मागवा’?

रविवारी संध्याकाळी? कुठे जेवला तो?

मेस बंद आहे हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी त्या वाक्यापाशी कुणी थांबत नाही. तो दोन तास मस्त खेळतो, सगळ्यांना हसवतो, जेवण आलं की पाणी पीत बसतो. पुढच्या रविवारी त्याचं सबमिशन असतं. त्याच्या पुढच्या रविवारी ग्रुपवर नुसता अंगठा. मग सेमिस्टर संपता संपता कुणीतरी म्हणतं, ‘तो ना, येतच नाही आता. बदललाय.’

बरं, आला आणि जेवला, तरी गंमत पुढेच आहे. बिल येतं, कुणीतरी फोन काढून भागिले सहा करतं आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या मोबाइलवर रिक्वेस्ट जाते. त्यानं खाल्लेले असतात सुशीचे दोन तुकडे. ज्याला महिन्याचे पैसे मोजून येतात, त्याच्यासाठी ती रक्कम म्हणजे मेसचे दहा दिवस असू शकतात. ‘मी दोनच खाल्ले’ असं तो म्हणेल? तुम्ही म्हणाल का त्याच्या जागी? चारचौघांत कंजूस ठरण्यापेक्षा चार दिवस पोह्यांवर काढलेले परवडले, असाच हिशेब आपण सगळे करतो.

मग टीटीएमएम करा, असं कुणी म्हणेल. तुझं तू, माझं मी. वडापाव-कटिंगला ते चालतं. पण जपानी जेवणात निम्मी मजाच मध्ये ठेवलेल्या ताटातून उचलण्यात आहे. तिकडच्या इझाकायात, म्हणजे संध्याकाळी खात-पीत बसायच्या ठिकाणी, लहान लहान प्लेट मागवून सगळ्यांनी वाटून खायची पद्धत आहे. तिथे ‘हा तुकडा माझा, तो तुझा’ सुरू झालं की संपलीच संध्याकाळ.

जपानमध्येही बिल वाटून घेतात. ‘वारिकान’ म्हणतात त्याला. पण त्यासोबत आणखी एक रीत आहे. टेबलावर सेनपाई म्हणजे सीनिअर असेल, तर तो जास्त भरतो आणि कोहाईला, म्हणजे ज्युनिअरला, कमी पडतं किंवा काहीच पडत नाही. उद्या कोहाई सेनपाई झाला की त्याची पाळी. थोडक्यात, सारखं भागलं म्हणजे न्याय झाला, असं तेही धरून चालत नाहीत.

यावर आपल्याकडचा उपाय ठरलेला असतो: ‘चल रे, तुझे मी भरतो.’ मन मोठं असतं, मान्य. पण एकदा ठीक, दुसऱ्यांदा अवघड आणि तिसऱ्यांदा तो येतच नाही. उपकाराचं ओझं घेऊन फासे टाकायला कुणाला मजा येईल? लहानपणी खेळलेला ‘व्यापार’ आठवा. सुरुवातीला बँकर सगळ्यांना सारख्याच नोटा वाटायचा, म्हणून तर खेळाला अर्थ होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ठिकाण ठरवायच्या आधी आकडा ठरवा. ‘कुठे जायचं?’ हा पहिला प्रश्न नकोच. ‘या वेळी डोक्यामागे किती?’ हा हवा, आणि तो ग्रुपमधल्या सगळ्यात सुस्थितीतल्या मुलानं किंवा मुलीनं विचारायला हवा. ज्याच्याकडे कमी आहेत त्यानं विचारलं तर ती त्याची अडचण दिसते. ज्याच्याकडे आहेत त्यानं विचारलं तर तो ग्रुपचा नियम होतो. ‘परवडत नसेल तर स्पष्ट सांगावं ना’ असं म्हणणाऱ्यांनी तसं सांगावं लागणं स्वतः एकदा अनुभवून बघावं.

मजा बघा, जी सुशी आपल्याकडे स्टेटसची स्टोरी झालीय, ती मुळात गाड्यावरची. एकोणिसाव्या शतकात एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा ठेवून उभ्या उभ्या खायची वस्तू होती ती. आपल्या वडापावच्या जातकुळीतली. पुढे 1958 मध्ये ओसाकात योशिआकी शिराइशी नावाच्या माणसानं सरकत्या पट्ट्यावरची सुशी आणली. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्याला ती सुचली. कमी माणसांत, कमी पैशांत सुशी लोकांपर्यंत पोचवायची होती त्याला. अशा दुकानांत प्लेटच्या रंगावरून किंमत ठरते, शेवटी समोरच्या रिकाम्या प्लेट मोजायच्या. आपण किती खाल्लं आणि आपले किती झाले, हे खाता खाताच कळतं.

आणि चॉपस्टिक्स येत नाहीत म्हणून अंग चोरून बसलेल्यांसाठी: निगिरी सुशी हातानं खाल्लेली जपानमध्येही चालते. रामेन भुरकताना आवाज झाला तरी कुणी वळून बघत नाही. एक मात्र टाळा, एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. तिकडे दहनानंतर अस्थी अशा उचलतात. द्यायचंच असेल तर सरळ समोरच्याच्या प्लेटमध्ये ठेवा.

आकडा फारच लहान निघाला तर? तर जपानी विद्यार्थी करतात तेच करायचं. ‘ताकोपा’! ताकोयाकी पार्टी. कुणाच्या तरी खोलीवर जमायचं, मध्ये खोलगट वाट्यांचा तवा ठेवायचा, पीठ ओतायचं, काडीनं गोळे उलटत बसायचं आणि होतील तसे खायचे. फोटो बघितलात तर लगेच ओळखाल, ते आपलं अप्पेपात्रच आहे. अगदी तेच काम करतं. मूळ ताकोयाकीत ऑक्टोपसचा तुकडा असतो, पण तिकडच्या घरच्या पार्टीतही लोक चीज, कॉर्न, सॉसेज असं काहीही भरतात. मैदा, अंडी, कांद्याची पात, कोबी, वरून मेयो आणि एखादा आंबटगोड सॉस. हे सगळं मंडईतून आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून येतं. हॉस्टेलवर शेगडी चालत नाही, तेव्हा ज्याच्या फ्लॅटवर गॅस आहे त्याला आधी पटवा. भांडी घासायची त्याच्यावर टाकू नका.

शाकाहारी मित्र असतील तर तेही आधीच विचारून घ्या. जपानी सूपचा पाया असलेल्या दाशीत बहुतेक वेळा सुकवलेला मासा असतो, त्यामुळे साधं दिसणारं मिसो सूपसुद्धा व्हेज असेलच असं नाही. घरी केलंत तर समुद्री शेवाळाची नाहीतर मशरूमची दाशी करता येते, किंवा सरळ पाणी घाला. अंडं नको असेल तर बेसन घाला. मग त्याला जपानी म्हणायचं की धिरड्याचा गोळा, यावर वाद घालायला संध्याकाळ पडलीय.

खेळांनाही तासाचे पैसे मोजायची गरज नाही. जपानी शिकणारा एखादा तुमच्या ग्रुपमध्ये असेलच, पुण्यात काय कमी आहेत? त्याला शिरितोरी विचारा. आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरानं पुढचा शब्द सुरू करायचा आणि ज्याचा शब्द ‘न्’वर संपेल तो बाद, कारण जपानीत ‘न्’नं शब्द सुरूच होत नाही. म्हणजे आपल्या भेंड्याच, फक्त गाण्यांशिवाय. मराठीत खेळताना ‘ण’ आला की बाद, असा नियम करा.

ताकोपाचा खरा खेळ मात्र वेगळा. एका गोळ्यात गुपचूप भरपूर वासाबी भरायचं, बाकीचे साधे, सगळ्यांनी एकदम तोंडात टाकायचे आणि चेहरे बघायचे. वासाबी महाग पडतं, आपल्याकडे ठेचा आहे. तो एकाच अप्प्यात भरा. आणि कुठल्या, हे भरणाऱ्यालाही कळू नये म्हणून ताटात काढल्यावर ताट दोनदा गरकन फिरवा.