पूर्वपक्षावाचून उत्तरपक्ष

१९४२ च्या चळवळीत सातारा-सांगलीकडील कित्येक गृहस्थ खटल्यावाचून स्थानबद्ध झाले. आधार भारत-संरक्षण नियमांतील २६ व्या नियमाचा. एप्रिल १९४३ मध्ये केशव तळपदे प्रकरणी फेडरल कोर्टाने तो अवैध ठरविला. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून त्यास पुन्हा जीवदान दिले!

परकी सरकार गेले. तथापि आपल्या घटनेच्या २२ व्या अनुच्छेदान्वये स्थानबद्धास कारणे कळवावयाची असली, तरी सार्वजनिक हितास बाधक वाटणारी तथ्ये सांगण्याचे बंधन नाही. ग्वांतानामोच्या लष्करी तळावर २००२ पासून ठेवलेल्या संशयितांपुढेही हाच पेच आला. दहशतवाद्याविषयी ममत्व आम्हांस मुळीच नाही. परंतु पूर्वपक्षच दडविला, तर निरपराध्याने उत्तरपक्ष मांडावा कसा? १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालील सल्लागार मंडळापुढे तर वकील नेण्याचाही हक्क त्यास नाही.