ठाण्याचे रक्तसाक्षी आणि आमचे विस्मरण

'तुमचा धर्म पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरला' हे वाक्य टीकाकारांच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. त्याचे दुःख नाही. आमची सुशिक्षित कुटुंबेही ते मान खाली घालून स्वीकारतात, याचे आहे.

वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली ती १५३४ साली. त्याआधी २१३ वर्षे, एप्रिल १३२१ मध्ये, टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर हे फ्रान्सिस्कन संन्यासी आणि तिफ्लिसचे ब्रदर दिमित्रियस यांनी ठाण्यात ख्रिस्तासाठी प्राण दिले. त्यांच्या पाठीशी आरमार नव्हते, किल्ला नव्हता. ते एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरात उतरले होते; ठाण्यात अशी पंधरा घरे असल्याचे पोर्देनोनचे ओडोरिक सांगतात. (आपण त्याच घरांचे वंशज, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या उत्साही मंडळींनाही आमचा पाठिंबा नाही.) घरधन्याने बायकोला मारले, ती काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांचे नाव निघाले. पुढे धर्मचर्चा, अग्निपरीक्षा आणि अखेर तलवार. या कथेतून मुसलमान शेजाऱ्यांविषयी आकस पसरवू पाहणाऱ्यांनी ओडोरिक यांचे पुढचे कथनही वाचावे: त्या अधिकाऱ्याला खुद्द सुलतानानेच देहदंड दिला.

'पण त्यांचे पवित्र अवशेष इथे कुठे आहेत?' ही दुसरी सबब. डॉमिनिकन जॉर्डन कातालानी यांनी हे देह सोपाऱ्यास पुरले. पुढे ओडोरिक यांनी अस्थी काढून चीनमधील झैतून बंदरी नेल्या. वाटेत वारा पडला तेव्हा एक अस्थी समुद्रात टाकताच शिडे भरली, असे ते सांगतात. थॉमस यांचे शिर टोलेंटिनोस पोहोचले, आणि १८९४ साली तेराव्या लिओ पोपमहोदयांनी त्यांच्या भक्तीला मान्यता दिली. टोलेंटिनोकरांना ठाणे ठाऊक आहे, ठाणेकरांचे काय? २०२४ च्या शवप्रदर्शनासाठी गोव्याला बसगाड्या भरून गेलेल्या आमच्या भाविकांपैकी कित्येकांना नालासोपारा स्टेशन रोज लागते. अस्थी गेल्या म्हणून ती भूमी परकी झाली काय?

आमची मागणी लहान आहे. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात एक पान आणि ९ एप्रिलला एक मिस्सा. पवित्र सप्ताह आडवा आला तर नंतर सोयीच्या दिवशी. आणि त्या मिस्सात दिमित्रियस यांचे नाव गाळू नये. ते धर्मगुरू नव्हते, दुभाषी होते. म्हणूनच की काय, सर्वांत आधी विसरले जातात ते तेच.